जन्माचे शास्त्र आठवीच्या आत

आपल्या राज्यातील विज्ञानाची पाठ्यपुस्तके आजवर ज्या क्रमाने चालत आली आहेत, तो क्रम कोणी शांतपणे न्याहाळला तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. मेंडेलचे वाटाणे, गुणसूत्रे, जनुके आणि सिकलसेलसारखे आनुवंशिक विकार यांची ओळख विद्यार्थ्याला नववीत होते. परंतु ज्या क्रियेच्या द्वारा ही गुणसूत्रे मातापित्यांकडून अपत्याकडे येतात, त्या मानवी प्रजननाचा पाठ मात्र दहावीच्या पुस्तकात येतो. वारसा आधी आणि जन्म मागाहून, असा हा उलटा शिरस्ता आहे. आणि तो पाठ एकदाचा आला म्हणजे पुष्कळशा वर्गांत ‘घरी वाचून घ्या’ एवढ्या तीन शब्दांत त्याची बोळवण होते. परिणामी आनुवंशिकता हे एक गणित होऊन बसते, तक्त्यातील अक्षरे उभी-आडवी जुळवली की गुण पदरात पडतात, आणि ती अक्षरे आपल्याच देहाविषयी काही सांगत आहेत ही जाणीव विद्यार्थ्याला होतच नाही. प्रजनन आणि आनुवंशिकता हा एकच विषय आहे. तो एकत्रच शिकवला पाहिजे, पहिलीपासून क्रमाक्रमाने शिकवला पाहिजे आणि आठवीच्या आत पुरा केला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आठवीचा आग्रह धरण्यास सबळ कारण आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सक्तीच्या व मोफत शिक्षणाची हमी सहा ते चौदा वर्षांपर्यंतच दिली आहे. त्यापुढे ज्यांची शाळा सुटते, आणि खेड्यापाड्यांत, ऊसतोडीच्या फडांवर, दूरच्या पाड्यांवर ती मुलींची आधी सुटते, त्यांच्यापाशी नववी-दहावीचा पाठ कधी पोहोचतच नाही. शिवाय निसर्ग पाठ्यक्रम मंडळाच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही. बहुतेक मुलींना बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास पाळी येते, कित्येकींना त्याच्याही आधी. म्हणजे जो पाठ या अनुभवापूर्वी हाती यावयाचा, तो दोन-चार वर्षे उशिराने येतो. मधल्या काळात त्या मुलीला जे काही सांगितले जाते ते बहुधा निषेधांच्या स्वरूपात असते: इथे शिवू नकोस, तिथे जाऊ नकोस. आणि मुलग्यांना तर तेवढेही कोणी सांगत नाही. त्यांची सारी भिस्त मित्रांच्या कुजबुजीवर आणि आता हातातल्या मोबाईलवर असते.

‘एवढ्या कोवळ्या वयात हे कशाला?’ असा प्रश्न पालक विचारतात. तो कळकळीने विचारलेला असतो, म्हणून त्याचे उत्तरही आदरानेच दिले पाहिजे. ते उत्तर असे की, मुलांना यातील बराच भाग अगोदरच ठाऊक असतो. फक्त तो विस्कळीत असतो. पपईच्या नर झाडाला फळ धरत नाही हे शेतकऱ्याच्या पोराला पुस्तकाविना कळलेले असते. गाय माजावर आली म्हणजे डॉक्टरला फोन जातो, तो रेतनाची कांडी घेऊन येतो आणि नऊ-साडेनऊ महिन्यांनी गोठ्यात वासरू उभे राहते, हा व्यवहार घरातले मूल डोळ्यांनी पाहत असते. उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ‘बायफ’ या संस्थेची स्थापना केल्यापासून कृत्रिम रेतनाचे काम महाराष्ट्राच्या गावोगावी रुजले आहे, आणि ‘जातिवंत वळूचे वासरू जास्त दूध देईल’ हे वाक्य ज्या घरात सहज बोलले जाते, त्या घरात आनुवंशिकतेचा पहिला धडा झालेलाच असतो. शाळेने करावयाचे ते इतकेच, की या विखुरलेल्या अनुभवांना शुद्ध नावे द्यावीत आणि त्यांचा परस्परसंबंध उलगडून दाखवावा.

हे काम किती सहज आणि सोज्वळपणे होऊ शकते याचे एकच उदाहरण देतो. भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. पाचवीच्या मुलांनी दोन्ही फुले आणून शेजारी शेजारी ठेवली, तर एकाचा देठ सरळ व बारीक आणि दुसऱ्याच्या पाकळ्यांखाली बोराएवढा इवलासा भोपळा, हा भेद त्यांना कोणी न सांगता दिसतो. नर फुलातला पिवळा पराग बोटाला लागतो. तो मादी फुलाच्या मध्यभागी असलेल्या चिकट कुक्षीवर टेकवावयाचा आणि त्या फुलाला दोरा बांधून ठेवावयाचा. दुसऱ्या एका मादी फुलावर, ते उमलण्याच्या आदल्या संध्याकाळीच, फडक्याची पुरचुंडी बांधावयाची, म्हणजे त्याला पराग मिळणार नाही. काही दिवसांत पहिला भोपळा फुगू लागतो, दुसरा पिवळा पडून गळून जातो. नव्या जिवाच्या निर्मितीला दोन पेशींचा संयोग लागतो, हे सत्य या दोन फुलांनी ज्या निःसंदिग्धपणे शिकवले, ते पुन्हा शिकवावे लागत नाही. त्यानंतर बिरड्यासाठी मोड आणलेला वालाचा दाणा सोलून दोन दले अलग केली, की मधोमध दडलेला अंकुर दिसतो. आणि बीजात बाळरोप असते तसे आईच्या गर्भाशयात बाळ वाढते, हे वाक्य त्या वर्गात कोणाची मान खाली न जाता उच्चारता येते.

याच पायावर सहावी-सातवीत मेंडेल उभा करावा. ब्रनो येथील मठाच्या बागेत त्याने वर्षानुवर्षे वाटाण्याचे संकर केले आणि १८६५ साली आपले निष्कर्ष विद्वानांच्या सभेपुढे वाचून दाखवले. गुळगुळीत आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकराची पहिली पिढी सगळीच गुळगुळीत निघाली. दुसऱ्या पिढीत मात्र ५,४७४ दाणे गुळगुळीत आणि १,८५० सुरकुतलेले मिळाले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. हरवले असे वाटलेले लक्षण हरवले नव्हते, ते एका पिढीपुरते झाकले गेले होते. हा नियम विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलाला परका वाटण्याचे कारण नाही. हायब्रीड कापसाचे वा मक्याचे बियाणे दरवर्षी नव्याने विकत का घ्यावे लागते, घरचे बी राखून पेरले तर पुढचे पीक एकसारखे का येत नाही, हा त्याच्या बापाच्या खर्चाच्या वहीतला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मेंडेलच्या दुसऱ्या पिढीत आहे.

मात्र माणसाकडे वळताना शिक्षकाने फार सावध राहिले पाहिजे. जीभ नळीसारखी वळवता येते की नाही, कानाची पाळी चिकटलेली आहे की सुटी, हे पाहून ‘आईबाबांकडून हे कसे आले ते शोधा’ असा स्वाध्याय आपल्या वर्गांत सर्रास दिला जातो. ही लक्षणे एकाच जनुकाने ठरत नाहीत. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला जीभ वळवता येते आणि दुसऱ्याला येत नाही, अशी उदाहरणे १९५२ सालीच नमूद झालेली आहेत. चुकीच्या नियमावर विसंबून एखाद्या मुलाने आपण आपल्या आईबापांचे नाही असा निष्कर्ष मनाशी काढला, तर त्या यातनेची भरपाई कोणता गुण करणार? दत्तक मूल, अनाथाश्रमातले मूल, बापाचा ठावठिकाणा नसलेले मूल हीदेखील त्याच बाकावर बसलेली असतात. म्हणून वंशवृक्षाचा स्वाध्याय कोणावर लादू नये. वाटाणा, कोंबड्या, मांजराची पिल्ले यांवर तो तितकाच चांगला होतो.

आणि तरीही माणसाची आनुवंशिकता टाळून भागत नाही, कारण आपल्या राज्यात ती जीवनमरणाची बाब आहे. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भातल्या अनेक समाजांत सिकलसेलचा विकार पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीतील एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे येते, आणि तेवढ्याने रक्तातली गोल तांबडी पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना देते. सदोष जनुक एकाच बाजूने मिळालेला माणूस वाहक असतो, तो रुग्ण नव्हे. उलट हिवतापापासून त्याला काहीसे संरक्षणच मिळते. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते. यातला ‘प्रत्येक’ हा शब्द समजणे हेच खरे शिक्षण. ‘एक मूल आजारी निघाले, आता पुढची तिन्ही सुखरूप’ ही भाबडी समजूत किती घरांना दुःखात लोटत असेल! सातवीच्या वर्गात प्रत्येक मुलाने दोन नाणी घ्यावीत, एक आईचे, एक बापाचे, आणि ती पुन्हा पुन्हा उडवावीत. दोन्हींवर काटा पडला तर मूल रुग्ण, एकावर पडला तर वाहक. फळ्यावर सगळ्यांचे निकाल मांडले, की तीन-तीनदा ओळीने दोन्ही काटे आलेला मुलगाही दिसतो आणि एकदाही न आलेला मुलगाही दिसतो. नाण्याला मागचे काही आठवत नाही, हे तिथे डोळ्यांना पटते. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तपासण्या होत आहेत, लोकांच्या हाती कार्डे दिली जात आहेत. परंतु त्या कार्डाचा अर्थ लावण्याची विद्या वधूवरांनी शाळेत संपादन केलेली नसेल, तर ते कार्ड ट्रंकेच्या तळाशीच राहणार.

दुसरी बाब याहूनही अधिक व्यापक आहे. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्रच येते. बापाकडून एक्स किंवा वाय यांपैकी कोणतेही एक येते, आणि त्यावर मुलगी की मुलगा हे ठरते. लिंगनिश्चितीतील वाय गुणसूत्राचे कार्य नेटी स्टीव्हन्स या विदुषीने १९०५ साली भुंगेऱ्यांच्या अभ्यासातून दाखवून दिले. त्याला शतक उलटून गेले, तरी मुलगी झाली म्हणून सुनेचा छळ करणारी घरे आपल्याकडे शिल्लक आहेत. गर्भलिंग-परीक्षेवर निर्बंध घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला. तथापि शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ असलेल्या मुली २०११ मध्ये ८९४ वर आल्या. कायद्याने सोनोग्राफीचे यंत्र मोहोरबंद करता येते. मनातली समजूत मात्र पाठानेच बदलते. या पाठाचा हेतू सुनेवरचा दोष उचलून मुलाच्या माथी मारणे हा नाही. हा योगायोग आहे, यात कसूर कोणाचाच नाही, हे बाराव्या वर्षी कळले तर पंचविसाव्या वर्षी उपयोगी पडेल.

हे सारे आपल्या संस्कृतीला परके आहे, या आक्षेपाला महाराष्ट्राच्याच इतिहासात उत्तर आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक नेटाने चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. त्याच महाराष्ट्राने २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणाला मनाई केली, ही गोष्ट खेदाची आहे. मौनाने मुले निरागस राहत नाहीत, निराधार होतात. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकांना संरक्षण दिले खरे; पण ज्या मुलाला आपल्या अवयवांची नावेच उच्चारता येत नाहीत, त्याने दाद मागावी ती कोणत्या शब्दांत? ती नावे डोळा आणि कान यांच्याच ओळीत पहिली-दुसरीत शिकवली, तर त्यांना लाज चिकटत नाही.

सबब, नव्या पाठ्यक्रमाचा मसुदा तयार होत असताना सरकारकडे मागणी अशी आहे. पहिली-दुसरीत शरीराची ओळख. तिसरी ते पाचवीत बीज, फूल, अंडे व पिल्लू. सहावीत वयात येण्याची आणि पाळीची माहिती, मुलामुलींना एकाच वर्गात बसवून. सातवी-आठवीत फलन, मेंडेल, संभाव्यता आणि आपल्या भागातील आनुवंशिक विकार, अशी तरतूद व्हावी. हे पाठ वैकल्पिक ठरवण्याची मुभा शाळांना नसावी. शिक्षकाला संकोच वाटतो तो त्याचा अपराध नव्हे, त्यालाही हे कोणी शिकवलेले नाही, म्हणून डी.एल.एड.च्या अभ्यासक्रमात हा विषय प्रात्यक्षिकासह यावा, आणि जुन्या शिक्षकांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व परिचारिका यांच्या साहाय्याने वर्ग भरवावेत. वर्षारंभीच्या पालकसभेत पुस्तकातली तीच पाने पालकांपुढे उघडून ठेवावीत. लपवण्यासारखे त्यांत काही नाही याची खातरजमा त्यांनी स्वतःच करून घ्यावी. चौदाव्या वर्षी शाळेचा दाखला घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला आपला जन्म कसा झाला आणि आपल्या अपत्याच्या पदरी आपण काय घालणार आहोत, हे ठाऊक असलेच पाहिजे. तो त्यांचा हक्क आहे, आणि तो देण्याची जबाबदारी सर्वस्वी शासनाची व समाजाची आहे.