लाईन क्लिअर कोणी द्यायची?

खंडेनवमीला आमच्या शेडमध्ये पूजा असते. इंजिनाला झेंडूच्या माळा, पाने-हातोड्यांना हळदकुंकू, नंतर पेढे. मुसलमान, ख्रिस्ती साथीही माळा बांधू लागतात. यंदा नारळ फोडण्याचा मान आमच्याकडे आला. तेवढ्यात एक तरुण सहायक लोको पायलट म्हणाला, "अण्णा, गेट मीटिंगला विज्ञान सांगता आणि इथे लोखंडापुढे हात जोडता. दोन्ही एकदम कसं जमतं?"

प्रश्न चेष्टेतला होता, पण टाळण्यासारखा नव्हता. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ आमच्या वाट्याला आले नाहीत, म्हणून रेल्वेने जे शिकवले त्यावरूनच उत्तर देतो.

रेल्वेने आम्हाला पहिल्यांदा शिकवला तो संशय. ब्लॉक सेक्शन मोकळा असल्याची खात्री होईपर्यंत तो मोकळा नाही असेच धरायचे. आधीची गाडी शेवटच्या डब्यासकट पोहोचली हे पुढच्या मास्तरने पाहायचे, मगच लाईन क्लिअर द्यायची. मास्तर माळकरी आहे, कधी खोटे बोलत नाही, म्हणून केवळ त्याच्या शब्दावर कोणी गाडी सोडत नाही. प्रायव्हेट नंबर घेतला जातो, वहीत लिहिला जातो. ट्रॅक सर्किटचेही तसेच. रुळांतून हलका करंट खेळत असतो. गाडी आली की तो चाकाच्या आसातून परस्पर वळतो, रिले पडतो, सिग्नल लाल होतो. तार तुटली, बॅटरी उतरली, तरीही लालच. ज्यांनी हे बनवले त्यांनी स्वतःच्या यंत्रावरही आंधळा विश्वास टाकला नाही. विज्ञान म्हणतात ते आम्हाला एवढेच कळले आहे.

आता श्रद्धा. आमचे कितीतरी ड्रायव्हर विठोबाच्या नाहीतर साईबाबांच्या फोटोला हात लावूनच गाडी काढतात. रात्रभर डोळ्यात तेल घालून बसणाऱ्याला त्यातून धीर येत असेल तर तो हिरावून घेणारे आम्ही कोण? त्याने ब्रेक पॉवर सर्टिफिकेट पाहिले, ब्रेकचा दाब तपासला, की आमची तक्रार मिटली. फोटोच्या भरवशावर तपासणी सोडली, तर मात्र तो भक्त नव्हे, गुन्हेगार.

टपाल खात्यातल्या साथींना हे जास्त सांगायला नको. शबरीमलैच्या अय्यप्पाला स्वतःचा पिनकोड आहे, ६८९७१३. यात्रेच्या हंगामात तिथे पोस्ट ऑफिस चालते, देवाच्या नावाने मनीऑर्डरी येतात. भक्ती भाविकाची. पण मनीऑर्डर डोंगरावर पोहोचते ती पिनकोडमुळे आणि टपाल वाहणाऱ्यांमुळे.

भांडण सुरू होते ते श्रद्धा केबिनमध्ये शिरून लिव्हर ओढू लागते तेव्हा. १९९५ साल जुन्या साथींना आठवत असेल. २० ऑगस्टला फिरोजाबादजवळ कालिंदी एक्सप्रेस जनावराला धडकून उभी राहिली आणि त्याच रुळावर मागून पुरुषोत्तम एक्सप्रेस सोडली गेली. ३०० हून अधिक माणसे गेली. साधारण महिन्याने, २१ सप्टेंबरला, देशभर गणपती दूध पिऊ लागला. कॉलनीतल्या देवळाच्या रांगेत आम्हीही उभे होतो, चमचा घेऊन. खोटे कशाला सांगा? दुसऱ्या दिवशी आमच्या एका फिटरने काठोकाठ भरलेला चमचा दोन नंबरच्या पान्याला लावला. पानाही दूध प्याला! पृष्ठताणामुळे दूध ओढले जाते आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळते, असे शास्त्रज्ञांनी सांगितले होतेच. पान्याने ते आम्हाला पटवले. आमची श्रद्धा त्याने गेली नाही. लाज मात्र वाटली, आणि ती वेगळ्याच गोष्टीची. गणपती दूध कसे पितो हे पाहायला अख्खी कॉलनी लोटली होती. उभी गाडी रुळावर असताना दुसरी गाडी त्या रुळावर कशी आली, हे विचारायला महिन्यापूर्वी आमच्यातले दहा जणही जमले नव्हते.

२ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजारला अपघात झाला. २९० हून अधिक मृत्यू. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नल सर्किटमधल्या फेरबदलाच्या कामातल्या चुका निघाल्या. पण चौकशी होण्याआधीच मोबाईलवर रुळालगतच्या एका देवळाचा फोटो मशीद म्हणून फिरत होता. वायर कोणी कुठे जोडली हे शोधण्यापेक्षा शेजाऱ्याचा धर्म शोधणे लोकांना सोपे वाटले.

आणि दुसरा सोपा शब्द म्हणजे नशीब. दोन वर्षांपूर्वी पावसात रुळावर काम करताना आमचा एक गँगमन गाडीखाली गेला. (आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात. पाटी बदलली, पाठीवरचे ओझे तेच.) त्याचा म्हातारा बाप म्हणाला, "त्याची वेळच भरली होती." आम्ही काही बोललो नाही. पोटचा पोर गेलेल्या माणसाला तेवढा आधार लागतो. पण मागे उभ्या असलेल्या एका अधिकाऱ्याने मान हलवून "ईश्वरेच्छा" म्हटले, तेव्हा मात्र आमच्या अंगाचा तिळपापड झाला. बापाच्या तोंडी तो शब्द सांत्वनाचा होता, साहेबाच्या तोंडी तो फाईल बंद करणारा शिक्का होता. त्या टोळीत मंजूर जागा किती आणि माणसे किती? त्या दिवशी लुकआऊट मॅन कोण होता, की तोही फावडे मारत होता? गाडीचा इशारा देणारे यंत्र त्या टोळीला का मिळाले नव्हते?

तेराव्याला आम्ही त्या घरी जेवलो, फोटोपुढे हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे तिन्ही प्रश्न लेखी दिले आणि पोच घेतली. उत्तर अद्याप आलेले नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला स्मरणपत्र जाते. खंडेनवमीला प्रश्न विचारणारा तो तरुण साथीच आता ते टाइप करतो.