काडतुसाची टोपी कोणाच्या हाती?

अमेरिकेतील स्पर्धात्मक नेमबाजीच्या वर्तुळात एक उद्योग मोठ्या अभिमानाने केला जातो. पिस्तुलातून गोळी सुटल्यावर बाहेर पडलेली पितळी पुंगळी नेमबाज वेचून आणतो, ती घासूनपुसून लखलखीत करतो, घरच्या हातयंत्रावर तिला पूर्ववत आकार देतो, तिच्यात नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी बसवितो आणि पुढल्या स्पर्धेला स्वतःच्या हातचे काडतूस घेऊन जातो. इंग्रजीत याला ‘रीलोडिंग’ म्हणतात; आपण त्यास फेरभरणी म्हणू. हा उद्योग करणाऱ्यांचे म्हणणे असे की, यात काटकसर आहे, कारागिरी आहे आणि मुख्य म्हणजे कारखानदारावाचून खेळण्याचे स्वातंत्र्य आहे. ‘दुकानातले काडतूस नको, माझे मी करीन’ या वाक्याला स्वदेशीचा सूर आहे. आपल्याकडेही अशी मोकळीक द्यावी, म्हणजे नेमबाजी हा श्रीमंतांचा खेळ राहणार नाही, असे म्हणणारे शौकीन भेटतात. हा युक्तिवाद समाजवादी कार्यकर्त्यालाही भुरळ घालण्याजोगा आहे. म्हणूनच तो नीट तपासून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम त्या पक्षात जे खरे आहे ते मान्य करू. ‘युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशन’च्या स्पर्धांत काडतुसाची ताकद एका साध्या गुणाकाराने मोजतात. गोळीचे ग्रेनमधील वजन आणि तिचा सेकंदाला फुटांतील वेग यांच्या गुणाकाराला हजाराने भागावयाचे. उत्तर १२५ आले तर काडतूस ‘मायनर’ वर्गात बसते, १६५ आले तर ‘मेजर’ वर्गात. १२५ च्या खाली गेले तर त्या स्पर्धकाचे गुण धरले जात नाहीत. १४७ ग्रेनची गोळी सेकंदाला ८६० फूट वेगाने गेली तर हा आकडा १२६ च्या किंचित वर भरतो. दुकानी काडतूस सहसा याहून जोरकस असते, कारण ते स्पर्धकासाठी तयार केलेले नसते. फेरभरणी करणारा मर्यादेच्या जरा वर थांबतो. त्यामुळे हाताला बसणारा हिसका कमी होतो आणि पिस्तूल लवकर नेमावर येते. जेथे सेकंदाच्या अंशावर निकाल फिरतो, तेथे हा लाभ क्षुल्लक नव्हे. त्यात बुद्धी आहे, चिकाटी आहे, हातकसब आहे. या कसबाशी आमचे भांडण नाही.

परंतु कसब ही एक गोष्ट आणि स्वावलंबन ही दुसरी. काडतुसाचे घटक चार: पुंगळी, गोळी, दारू आणि टोपी. पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते. शिसे वितळवून गोळी घरी ओतता येते. दारू आणि टोपी मात्र घरी होत नाहीत. टोपी, म्हणजे इंग्रजीतील प्रायमर, ही पुंगळीच्या बुडाशी बसणारी इवलीशी धातूची वाटी. पिस्तुलाचा घोडा ओढला की तिच्यावर आघात होतो व ठिणगी पडते. तिच्यात सामान्यतः लेड स्टिफ्नेट हे शिसेयुक्त आणि अतिशय नाजूक स्फोटक असते; ते गॅरेजमध्ये कालविण्याची वस्तू नव्हे. तेव्हा स्वावलंबनाच्या या साऱ्या मांडणीत एकच प्रश्न निर्णायक ठरतो: ही टोपी कोणाच्या हाती आहे?

अमेरिकेत टोप्या बनविणाऱ्या चार प्रमुख देशी नाममुद्रा आहेत: सीसीआय, फेडरल, रेमिंग्टन व विंचेस्टर. रेमिंग्टन कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत गेल्यावर तिचा दारूगोळ्याचा धंदा व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने उचलला. सीसीआय व फेडरल तिच्या पदरी होत्याच. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये या तिन्ही मुद्रांसह तिचा सगळा दारूगोळा विभाग प्रागच्या ‘चेकोस्लोव्हाक ग्रूप’ या शस्त्र-उद्योगसमूहाने सुमारे २.२ अब्ज डॉलर मोजून घेतला. चौथी मुद्रा विंचेस्टर ही ऑलिन कॉर्पोरेशनची. आणि मिझुरी राज्यातील अमेरिकी सैन्याचा लेक सिटी दारूगोळा कारखाना २०२० पासून हीच ऑलिन चालविते. म्हणजे चारांपैकी तीन मुद्रांचा मालक एक आणि चौथीचा मालक सैन्याचा ठेकेदार. गिऱ्हाइकाला दुकानाच्या फळीवर चार रंगांचे डबे दिसतात. त्यांच्या मागे तिजोऱ्या दोनच आहेत.

या मक्तेदारीचा अर्थ काय तो २०२० व २०२१ या वर्षांत अमेरिकी नेमबाजांना पुरता कळला. महामारी आणि राजकीय अस्वस्थता यांमुळे बंदुकांची विक्री भडकली, तयार काडतुसांना प्रचंड मागणी आली. कारखानदारांनी आपल्या टोप्या साहजिकच प्रथम आपल्याच काडतुसांत बसविल्या. सुट्या टोप्या बाजारातून नाहीशा झाल्या आणि जेथे मिळाल्या तेथे पूर्वीच्या अनेक पटींनी महाग मिळाल्या. कारखानदारापासून मुक्त झालेला स्वावलंबी कारागीर त्याच कारखानदाराच्या दाराशी रांगेत उभा राहिला, आणि त्याचा नंबर सर्वांत शेवटचा लागला! दारूची कथा निराळी नाही. २०२४ मध्ये नायट्रोसेल्युलोजच्या जागतिक तुटवड्याचे कारण देऊन अलायंट या जुन्या नाममुद्रेने फेरभरणीच्या दारूचा पुरवठा थांबविला. तिची दारू होत होती ती व्हर्जिनियातील रॅडफर्ड येथील सैन्याच्या मालकीच्या कारखान्यात. युरोपात तोफा धडधडू लागल्या की ओहायोतील गॅरेजमधले हातयंत्र थांबते, असा हा स्वावलंबनाचा प्रकार आहे. मराठीत ‘टोपी घालणे’ या शब्दप्रयोगाला जो अर्थ आहे, तो येथे तंतोतंत लागू पडतो.

आता काटकसरीचा हिशेब पाहू. फेरभरणी करणारा टोपी, दारू आणि गोळी यांच्या किमतीची बेरीज करतो, ती दुकानी काडतुसाच्या किमतीतून वजा करतो आणि उरलेल्या रकमेला ‘बचत’ म्हणतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यालाही यातील चूक दिसावी. या बेरजेत श्रमाची किंमत शून्य धरलेली आहे. हिशेबापुरते असे समजू की साध्या हातयंत्रावर एका तासात शंभर काडतुसे भरली आणि प्रत्येकी पाच सेंट वाचले. तासाची बचत झाली पाच डॉलर. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने २००९ पासून लागू असलेले किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. म्हणजे हा स्वतंत्र कारागीर किमान वेतनाहून कमी दराने आपणच आपल्याला राबवून घेतो. यावर उत्तर येते की, मोठे, आपोआप पुढे सरकणारे यंत्र घ्या, म्हणजे तासाला कितीतरी पट अधिक काडतुसे निघतील. निघतील, यात शंका नाही. पण ते यंत्र फुकट मिळत नाही. त्याला भांडवल लागते आणि ते वसूल व्हावयास वर्षाला हजारो गोळ्या झाडाव्या लागतात. ज्याच्यापाशी भांडवल त्याला बचत, ज्याच्यापाशी नाही त्याला वेठ! श्रीमंतांचा खेळ गरिबाला खुला करावयास निघालेला हा मार्ग दोन वळणांनंतर पुन्हा भांडवलाच्याच दाराशी येऊन थांबतो.

कारखान्यातले काम कामगाराच्या घरात ढकलण्याची युक्ती आपल्याला नवी नाही. सोलापूर व निपाणीच्या विडी कामगार स्त्रियांनी ती पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. पान-तंबाखू मालकाची, श्रम बाईचे, जागा बाईची, खोकला बाईचा आणि छाट काढण्याचा अधिकार पुन्हा मालकाचा. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा होण्यासाठी आणि झाल्यावर तो अमलात आणण्यासाठी किती झगडावे लागले, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. अमेरिकी शौकिनाची बरोबरी त्या कष्टकरी बाईशी करणे हा तिचा अपमान होईल. तो हौसेने करतो, ती पोटासाठी करते. तथापि हिशेबाची रीत एकच आहे. काम घरात गेले की धोकाही घरात जातो, आणि तपासणीस येणारा कारखाना-निरीक्षक मात्र बाहेर राहतो. झाडलेल्या पुंगळ्या घासताना उडणाऱ्या धुळीत शिसे असते. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याचा सर्वाधिक घात लहान मुलांच्या मेंदूवर होतो. एखाद्या पुंगळीत दारू भरावयाची राहिली तर गोळी नळीतच अडकते आणि मागून आलेली दुसरी गोळी पिस्तूल फोडते. दारू चुकून दोनदा पडली तरी तीच गत. अशा वेळी भरपाई कोण देणार? अनेक पिस्तूल कंपन्या आपल्या पुस्तिकेत आधीच बजावून ठेवतात की, फेरभरणीची काडतुसे वापरल्यास हमी रद्द. नफा दोन कंपन्यांत वाटला गेला आहे. जोखीम मात्र अविभक्त आहे आणि ती एकट्या नेमबाजाची आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या पाचव्या कलमानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही. हे बंधन सैल केले तर गरीब होतकरू नेमबाजाचा उद्धार होईल, असा दावा करणाऱ्यांनी प्रथम खेळाची नियमावली उघडून पाहावी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाचे जे प्रकार होते, त्यांपैकी १० मीटरच्या प्रकारांत हवेच्या दाबावर चालणारे पिस्तूल असते. त्याला दारूच लागत नाही. मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांची पदके याच प्रकारांतील. पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायर आणि महिलांच्या २५ मीटर पिस्तूल या प्रकारांत .२२ चे काडतूस वापरतात. त्याला वेगळी टोपी नसते. स्फोटक थेट पुंगळीच्या कडेत भरलेले असते आणि आघाताने ती कड चेपून जाते. ते काडतूस एकदा झाडले की संपले. त्याची फेरभरणी व्यवहारात होत नाही. म्हणजे ऑलिंपिकच्या एकाही पिस्तूल प्रकाराला या सवलतीचा कवडीचा उपयोग नाही. मग ही सवलत कोणासाठी? ज्यांच्यापाशी मोठ्या बोअरचे पिस्तूल, त्याचा परवाना, स्वतंत्र खोली आणि यंत्र घेण्याइतका पैसा आहे, त्यांच्यासाठी. गरिबाचे नाव अर्जावर, लाभ मात्र दुसऱ्याच्या खात्यावर, हा प्रकार आपण सहकारापासून शिक्षणापर्यंत पाहत आलो आहोत.

आपल्याकडे सामान्य घरांतून नेमबाज पुढे आले ते कोणत्या वाटेने? २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायरचे रौप्यपदक जिंकणारा विजय कुमार हा सैन्यातला जवान. महूच्या सैनिकी नेमबाजी केंद्रात तो घडला. पॅरिसमध्ये रायफलचे कांस्यपदक आणणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि मध्य रेल्वेच्या नोकरीने त्याला आधार दिला. त्यांची जिद्द त्यांची स्वतःची. परंतु त्या जिद्दीला मैदान, मार्गदर्शक आणि पगार लागला, आणि तो सार्वजनिक संस्थांनी दिला. घरचे यंत्र यांपैकी काहीही देऊ शकले नसते.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. काडतूस स्वस्त व्हावयाचे असेल तर ते सार्वजनिक कारखान्यात, कामगाराला रास्त वेतन व संरक्षण देऊन, खेळासाठी म्हणून तयार झाले पाहिजे. त्याची साधने आपल्या दाराशी आहेत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या. त्यांपैकी म्युनिशन्स इंडिया या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे. त्या वेळी कामगार संघटनांनी संपाची हाक दिली, तेव्हा शासनाने अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा आणून संपावरच बंदीची तरतूद केली. ज्या राज्यकर्त्यांना कामगाराचा संप धोक्याचा वाटतो, त्यांना परदेशातून येणारी महागडी स्पर्धा-काडतुसे मात्र खटकत नाहीत!

कोणी म्हणेल, खासगी मक्तेदारीच्या जागी ही सरकारी मक्तेदारी झाली. आक्षेप रास्त आहे. सरकारी कारखान्यातही ढिलाई असते आणि तिच्यावर पांघरूण घालणे हे आपले काम नव्हे. पण खडकीच्या कारभाराबद्दल संसदेत प्रश्न विचारता येतो, तेथे कामगारांची संघटना उभी राहू शकते, हिशेब तपासला जातो. प्रागच्या कार्यालयाला आपण कोणता प्रश्न विचारणार?

जिल्ह्याजिल्ह्यात सार्वजनिक नेमबाजी केंद्र, तेथेच मोजून दिलेली व तेथेच संपविलेली काडतुसे, शाळा-महाविद्यालयांतील होतकरू मुलामुलींना ती विनामूल्य, आणि ती बनविण्यासाठी सार्वजनिक कारखान्यांत स्वतंत्र विभाग: एवढी चार कलमे कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यातील क्रीडा परिषदेपुढे आणि आमदारांपुढे ठेवावीत. घरोघरी दारू आणि टोप्यांचे डबे पोचविण्याची मागणी ज्यांना करावयाची असेल त्यांनी ती खुशाल शौकिनांची मागणी म्हणून करावी. गरिबाच्या नावाने ती करण्याचा अधिकार त्यांना नाही.