रडण्याची फिर्याद

तान्ह्याच्या रडण्याला ओ दिली की ते लाडावते, दुर्लक्ष केले की शहाणे होते, आणि आईबापांनी मन घट्ट केले तर तीन रात्रींत घरात शांतता नांदते, असे त्रिसूत्री शास्त्र एका विद्वान गृहस्थांनी नुकतेच जाहीर व्याख्यानात मांडले. त्यांच्या घरी पाळण्याची दोरी कोणाच्या हाती होती, याचा खुलासा मात्र त्यांनी केला नाही.

खाली ठेवताच टाहो फोडणारे, घटकाभरही सलग न निजणारे, कडेवरून न उतरणारे मूल या शास्त्रान्वये आईने बिघडवलेले असते. मग त्याच मांडीवर वाढलेले थोरले भावंड रात्रभर निजत कसे असे? न्यूयॉर्कमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात सुमारे १० टक्के मुले तान्हेपणापासूनच कठीण प्रकृतीची आढळली. त्या सर्वांच्या माता एकाच कटात सामील होत्या काय?

परंतु आमचा मुख्य आक्षेप ‘मूल अखेर गप्प होते’ या दाखल्यावर आहे. होते, हे आम्हांस मान्य आहे. ज्या कचेरीत दाद लागत नाही तेथे फिर्यादी फिरकेनासा होतो. पण तेवढ्यावरून तालुक्यात अन्याय उरला नाही असा अहवाल वर धाडणाऱ्या मामलेदारास आपण चतुर म्हणतो, न्यायी म्हणत नाही. भूक, उकाडा, पोटातील कळ आणि एकटेपणा या सर्वांसाठी ज्या तीन महिन्यांच्या जिवापाशी एकच अर्ज आहे, त्याला तो अर्ज व्यर्थ असल्याचे शिकवावयाचे आणि त्या शिक्षणास स्वावलंबन म्हणावयाचे! अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ वॉटसन यांनी १९२८ साली, मुका घेणे अटळच असेल तर निजताना एकदा कपाळावर घ्यावा आणि सकाळी मुलाशी हस्तांदोलन करावे, असा उपदेश केला. तोही शास्त्राच्याच नावाने. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बाया एके काळी तान्ह्यांना अफूची बाळागोळी देत, आणि मूल निपचित पडून राही. त्या बायांना भोंगा गाठावयाचा असे. व्याख्यातेमहाशयांना कसली निकड आहे?

‘आमच्या वेळी पाच-पाच पोरे वाढली’ म्हणतात. वाढली, एकट्या आईने वाढवली नाहीत.

मग करावे काय? बाल्टिमोर येथील १९७२ च्या अभ्यासात, रडण्याला तत्परतेने धावणाऱ्या मातांची मुले वर्षअखेरीस कमी रडताना आढळली. मॉन्ट्रिऑलमधील, १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रोज अधिक वेळ उचलून घेतलेल्या मुलांचे सहाव्या आठवड्यातील रडणे इतरांहून ४३ टक्के कमी भरले. अतिशय रडणाऱ्या मुलांवर मात्र हाच उपाय पुढे फळला नाही, आणि प्रतिपक्ष ते सांगण्याआधी आम्हीच सांगतो, कारण उचलून घेणे हे औषध आहे असा आमचा दावाच नाही. ताप, ओकाऱ्या, न वाढणारे वजन यांसाठी डॉक्टर आहेत. सहनशक्ती संपली तर मुलाला सुरक्षित जागी उताणे निजवून क्षणभर खोलीबाहेर जाण्यात पाप नाही. बाकीच्यासाठी खांदा, मंद दिवा, आणि आईला सलग झोप मिळावी म्हणून रात्रीची एक पाळी पत्करणारा बाप हवा. अंगावर पाजण्याखेरीज यांतील एकही काम त्याच्या आवाक्याबाहेरचे नाही.