हंसराजास निजू द्यावे

साकीनाक्यास बाग कोठली, असे पुष्कळ लोक हसून विचारतात. कारखान्यांचे पत्रे, रिक्षांची दाटी आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल, हे येथील चित्र खोटे नाही. तथापि ज्याने आषाढात येथील एखाद्या जुन्या भिंतीची फट निरखून पाहिली असेल, त्यास तेथे हिरवा नेचा डोलताना खचित दिसला असेल. त्यास फूल नाही, फळ नाही, बी नाही; तरी पानांच्या ठेवणीत त्याची बरोबरी करणारी वनस्पती विरळा.

या नेच्यांपैकी हंसराज हा पवई व विहार या तलावांपलीकडील डोंगरात पावसाबरोबर उगवतो. दांडी घोड्याच्या केसासारखी काळी व चकचकीत, आणि तीवर अर्धचंद्राकृती पाने. पानांवर पाणी ठरत नाही, थेंब घरंगळून जातो. ‘न भिजणारा’ या अर्थाचेच नाव ग्रीक लोकांनी या जातीस दिले आहे. असे सुंदर झाड घरी असावे ही हौस स्तुत्य होय. ती भागविण्याची रीत मात्र आम्हास मान्य नाही.

सहलीस गेलेली मंडळी कान्हेरीच्या वाटेवर हंसराज दिसताच तो मुळासकट उपटून पिशवीत घालतात. ती लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत आणि तेथून झाडे नेण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याची मनाई आहे, याची त्यांस वार्ताही नसते. बरे, इतके करून झाड जगते काय? दिवाळी सरली की पाने पिवळी पडतात, दांड्या वाळतात, आणि कुंडी रिकामी करून पुढील वर्षी नवा हंसराज आणावयाचा, असा क्रम चालतो.

हा दोष आम्ही दुसऱ्यांच्या माथी मारीत नाही. काही वर्षांपूर्वी पदपथावरील एका विक्रेत्याकडून दोन रोपे आम्हीच घेतली. ती कोठून आली हे विचारलेही नाही. मार्गशीर्षात पाने गळू लागली तेव्हा घाबरून आम्ही सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. एकाचा कंद कुजला. दुसरे मेले असे समजून त्याची माती मागल्या भिंतीशी ओतली. पुढील जूनमध्ये पहिल्या दोन-तीन सरी पडल्या आणि त्या ढिगातून काळ्या दोऱ्यांसारख्या दांड्या वर आल्या, टोकाशी चिमुकली पाने अद्याप गुंडाळलेली! झाड मेले नव्हते, निजले होते.

हंसराजाच्या संगोपनाचे सारे मर्म आमचे मते एवढ्यातच आहे. बाकीचे सोपे. कुजलेला पालापाचोळा व जाड रेती यांची भुसभुशीत माती, तळाशी विटांचे तुकडे. कंद खोल पुरू नये. जागा सावलीची, जिन्याची अथवा उत्तरेच्या खिडकीची. पावसाळाभर माती ओली असावी, पण पाणी साचू नये. पाने पिवळी होऊ लागली की पाणी कमी करीत जावे आणि कुंडी कोपऱ्यात ठेवून तिला विसरावे. क्वचित माती किंचित ओलावली तरी पुरे. शाळेच्या बागेस तर यासारखे झाड नाही. मे महिन्याच्या सुटीत गुलाब वाळतो, तुळस माना टाकते. हंसराज निजलेला असतो, आणि शाळा उघडते त्या सुमारास तोही जागा होतो!

उपटून आणण्याची तर गरजच नाही. या झाडास चालण्याची विद्या अवगत आहे. पानाचे लांब टोक मातीस टेकले की तेथे मूळ धरते आणि नवे रोप उभे राहते. शेजारी दुसरी कुंडी ठेवून ते टोक तीत टेकवावे, वर लहानसा खडा ठेवावा आणि रोप रुजल्यावर मधला दुवा कापावा.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात नेचे जमविण्याचे असेच वेड पसरले होते. चार्ल्स किंग्स्ले यांनी १८५५ मध्ये त्या वेडास नावही दिले. किलार्नी नावाचा नेचा संग्राहकांनी इतका ओरबाडला की तो कित्येक ठिकाणांहून नाहीसा झाला. आता तेथे त्यास कायद्याचे रक्षण आहे. ते बेट दूर आहे. आमचा डोंगर मात्र येथून रिक्षेच्या अंतरावर आहे आणि दर रविवारी तेथे जाणाऱ्यांची गर्दी वाढतच आहे.

ढिगावरील त्या एका हंसराजाच्या आज आमच्याकडे सात कुंड्या झाल्या आहेत. ज्या विद्यार्थ्यास रोप हवे असेल त्याने श्रावणात एक रिकामी कुंडी घेऊन यावे. कार्तिकात ते वाळले म्हणून परत आणू नये.