आमची चित्रं चालतात, आमचा प्लॉट चालत नाही



गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. तेव्हापासून डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर गाड्या वाढल्या. साहेब लोक येतात, भिंतीचे फोटो काढतात, कागद गुंडाळून नेतात. येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात उभं असतं. त्यातलं पुष्कळ सरकारी वहीत 'अतिक्रमण' आहे, ते त्यांना दिसत नाही. त्याच भाताचं पीठ भिंतीवर आलं की मात्र लगेच दिसतं.

शहरात म्हणतात, हा माणूस चित्रकलेच्या शाळेत गेला नाही, कुणी शिकवलं नाही, याची कला उपजत. ऐकायला गोड आहे, पण आम्हाला हा शब्द पटत नाही. जिव्याभाऊ लहान होते तेव्हा आई गेली. पोराचं बोलणंच बंद झालं, जे सांगायचं ते धुळीत रेघा ओढून सांगायचा. हा त्यांचा स्वतःचा रस्ता, तो कुणी दाखवला नाही हे खरं. पण दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा करायचा, हे आपल्या सवाशिणींनी भिंतीवर कधीचं लिहून ठेवलेलं होतं. हो, लिहून. आपण चौक लिहितो. त्यात पालघट देवी बसते, धवलेरी गाते, तेव्हा लग्न लागतं. त्या बायांच्या नावापुढे सरकार 'निरक्षर' लिहितं! 'उपजत' म्हटलं की या सगळ्या बाया पुसल्या जातात. जंगलाला 'आपोआप वाढलेलं' म्हणायचं आणि राखणाऱ्याला चोर ठरवायचं, तसलीच ही रीत. (आपल्या पुरुष मंडळींनीही जरा ऐकावं. आता कागदाला पैसे येतात तर सही बाप्याची, आणि पीठ वाटायला बाई.)

आता सामान बघा. तांदूळ भिजवून वाटायचा, डिंक घालायचा, झाला पांढरा रंग. बांबूची काडी टोकाला चावून मऊ केली की झाला कुंचला. भिंत कारवीच्या कुडाची, वरून शेणाचं सारवण आणि गेरू. कापडावर काढायचं तर कापडालाच शेण नाहीतर गेरू फासायचा. शहरवाले याला 'वेगळीच साधनं' म्हणतात आणि कौतुकानं हात लावून बघतात. आम्ही विचारतो, ही साधनं येतात कुठून? तांदूळ येतो प्लॉटातून. राब भाजल्याशिवाय रोप होत नाही, आणि राबासाठी टहाळ तोडली की गार्ड उभा. बांबू तोडला, केस. कारवी आणली, केस. गुरं चरायला नेली तर दंड, मग शेण कुठून आणायचं? एकेक वस्तू आणायला गेलं तर गुन्हा होतो, सगळ्या मिळून चित्र झालं की पारितोषिक मिळतं.

आपल्यातलेच काही कार्यकर्ते सभेत हसून म्हणतात, "चितारून काय जमीन भेटते का?" नाय भेटत. आम्हीही तसं म्हणत नाही. पण चित्र काढणाऱ्याला हसायचं कारण काय? जिव्याभाऊंच्या चित्रात तारप्याभोवतीचा नाच आहे, मासे धरायचं जाळं आहे, भात लावणारी माणसं आहेत. ती जमीन कोण कसतं ते त्यात उघड दिसतं. शत्रू आपलं चित्र घराच्या भिंतीला लावतो आणि आपण त्याला खेळ म्हणतो, हा उलटा न्याय झाला.

सरकारचा १९७८ चा ठराव सांगत होता, १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातली जंगल जमिनीवरची वहिवाट कायम करायची. मग साहेब पुरावा मागायचा, आणि पुरावा म्हणजे काय होता तर दंडाची पावती. कोंबडी नेली, पैसे नेले, त्याची पावती कुणी दिली? ज्याला पावती नाही तो कसत नव्हता, असा त्यांचा हिशेब होता.

म्हणून सांगतो. पंचनाम्याला साहेब आले की फक्त बाप्यांनी बांधावर उभं राहू नका. घरातली म्हातारी पुढे बसवा. तिला विचारा, या घरात कोणाकोणाची लग्नं झाली, चौक कोणी लिहिला, आणि त्याला तांदूळ कोणत्या प्लॉटातला होता. तिला साल सांगता येणार नाही. पण कोणाच्या लग्नाला कोणतं पोर अंगावर होतं, कोणत्या वर्षी पाऊस पडला नाही, ते तिला पाठ असतं, त्यावरून साल निघतं. ती सांगेल ते शब्दाला शब्द लिहून घ्यायला लावा, अंगठा द्या, आणि नक्कल मागा. नक्कल मिळाली नाही तर साहेबाची जीप पाड्यातून जाऊ देऊ नका. बाया पुढे, बाकीचे मागे, कोणी दगड उचलायचा नाही.

आणि चित्राला गिऱ्हाईक आला तर त्यालाही तिथंच बसवून ठेवा. पंचनामा संपेपर्यंत बघू दे.