पुस्तके कपाटात नकोत, हातात हवीत



परीक्षेत न येणारी पुस्तके वाचणे म्हणजे वेळ फुकट घालवणे, असे आपल्या गावात पुष्कळजण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. डिसेंबर महिन्यात मी शाळेच्या कपाटातली पुस्तके वाचली, म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम 'श्यामची आई' वाचले. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. हे वाचून रडू आलेच पाहिजे असे सगळे सांगतात. मला रडू नाही, राग आला. श्याम पोहायला भितो, लपून बसतो, तर आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. एवढं मारायचं कशाला? घरी मी तो भाग मोठ्याने वाचून दाखवला. आई म्हणाली, "बरोबरच केलं तिनं. उद्या पोरगं बुडालं असतं मग?" आजी म्हणाली, "अगं पण त्याचा बाप कुठं गेला होता शिकवायला?" जेवणं होईपर्यंत दोघींचं चाललं होतं. आजीला वाचता येत नाही, तरी दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "पुढं काय झालं त्या पोराचं?" (आमच्या विहिरींना होळीनंतर पाणीच नसतं, तो भाग वेगळा.)

'सिंहासन बत्तीशी'तल्या बत्तीस पुतळ्या भोज राजाला अडवून विक्रमादित्याच्या गोष्टी सांगतात. तो राजा इतका चांगला आहे की थोडा कंटाळा येतो. पण धाकट्या भावाला झोपवायला फार उपयोगी.

'चंद्रावर स्वारी' ही ज्यूल व्हर्न यांची १८६५ सालची कादंबरी भा. रा. भागवतांनी मराठीत आणली. त्यात तीन माणसे तोफेच्या गोळ्यात बसून फ्लोरिडातून निघतात. १९६९ साली खरोखर चंद्रावर निघाले तेही तिघेच, आणि तेही फ्लोरिडातूनच! गुरुजी म्हणाले, तोफेतून एकदम उडवलं तर आतला माणूस धक्क्यानेच मरेल, म्हणून रॉकेट वेग हळूहळू वाढवतं. हा प्रश्न मला विज्ञानाच्या पुस्तकामुळे नाही, गोष्टीमुळे पडला.

सर्वांत आवडली डॉ. जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती'. त्यात डाव्याचे उजवे होते. हे खोटे वाटत असेल तर कागदाची एक लांब पट्टी घ्या, एक टोक उलटे करून दुसऱ्याला चिकटवा आणि मधोमध पेन्सिलीने रेघ ओढत जा. पेन्सिल न उचलता दोन्ही बाजूंवर रेघ येते. आता त्या रेघेवर कात्रीने कापा. दोन कडी होतील असं आमच्या वर्गात सगळे म्हणाले होते. एकच मोठं कडं झालं!

मुले पुस्तके फाडतात म्हणून कपाटाला कुलूप असते. पण खालच्या कप्प्यातली सात पुस्तके वाळवीने खाल्ली, ती तर कुणीच वाचली नव्हती. माझ्या मते दर शनिवारी कपाट उघडावे आणि वहीत नाव लिहून पुस्तक घरी द्यावे. पालकांनो, रात्री भांडी झाल्यावर मुलीच्या हातात पुस्तक दिसलं तर लगेच दुसरं काम सांगू नका. अर्धा तास द्या.

पुस्तक उसवलं तर शिवता येतं. दाभण आणि दोरा मी घरून आणीन.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी