नव्या गुरुजींनी शाळेचे नियम का पाळायचे?

देवणी तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरची दोन शिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणा. पहिली ते चौथीचे वर्ग आणि दोनच गुरुजी. शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंतच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. त्यातल्या एकाची उदगीरहून निघणारी एसटी चुकली की दोन वर्गांचा तास गेला. मोठ्या शाळेत बदली तासिका लावता येते, इथे ती कोण घेणार? वेळेवर येण्याचा नियम मुख्याध्यापकांच्या हट्टापायी आलेला नाही. याच कायद्याच्या कलम 24 मध्ये नियमित आणि वेळेवर हजर राहणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य म्हणून लिहिले आहे.

पवित्र पोर्टलवरून निवड झालेल्यांना पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. प्राथमिकला मानधन महिना 16 हजार. 2023 पूर्वी तर ते 6 हजारच होते. एवढ्या पैशात खोलीभाडे, प्रवास आणि घरी पाठवायचे, ही ओढाताण खरीच. त्यामुळे ‘नियम फक्त नव्यांनाच का? जुने सर कुठे पाळतात?’ हा सवालही रास्त आहे. पण तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी मिळताना पाहिली जाते ती तुमची सेवा, जुन्या सरांची नव्हे.

चव नोंदवहीचे काय?

नव्या शिक्षकाला सगळ्यात कंटाळवाणी वाटते ती पोषण आहाराची चव नोंदवही. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने खिचडी चाखायची आणि सही करायची. अनेक ठिकाणी आठवड्याच्या सह्या शनिवारी एकदम होतात, हे उघड गुपित आहे. 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेतले जेवण जेवून 23 मुले दगावली. अन्नात कीटकनाशक गेले होते. ती सही कशासाठी असते, हे त्या दिवशी साऱ्या देशाला कळले. न चाखता केलेली सही म्हणजे मुलांच्या ताटाशी केलेला खेळ आहे.

छडीचेही तसेच. ‘आम्हीही मार खाऊनच शिकलो,’ असे पालकच सांगतात. पोराला बडवा, पण शिकवा, अशी मुभाही देतात. त्या मुभेला अर्थ नाही. कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली आहे. पालकाच्या परवानगीने ती उठत नाही. खासगी शिकवणीचेही असेच, कलम 28 ने तीही बंद आहे.

तोंडी हुकूम म्हणजे नियम का?

नाही. इथे नव्यांनी गप्प बसू नये. कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. कुणी तोंडी काही सांगितले तर ‘साहेब, लेखी द्या’ एवढे नम्रपणे म्हणावे. केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी त्यासाठीच आहेत. मात्र ज्याचे स्वतःचे हजेरीपत्रक स्वच्छ, त्यालाच हे ठामपणे म्हणता येते.

राहिला मुख्यालयी राहण्याचा वाद. 2022 मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी तो विधानसभेत मांडला आणि राज्यभर शिक्षक संघटना संतापल्या. माझ्या मते हा नियम आज जसाच्या तसा चालणारा नाही. लहान गावात भाड्याने धड खोली मिळत नाही, रस्ते मात्र पूर्वीपेक्षा बरे झालेत. तो बदलायचा तर संघटनेमार्फत, निवेदन देऊन, गरज पडल्यास कोर्टात जाऊन भांडावे. पण अनेक जण सोपी वाट धरतात. राहायचे उदगीरला किंवा लातूरला आणि गावात राहत असल्याचा दाखला जोडायचा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सही केलेला तो खोटा कागद सेवापुस्तकासोबत पुढची तीसेक वर्षे फिरतो. आणि गुरुजी संध्याकाळी कुठल्या गाडीने जातात, हे तर चौथीतल्या पोरालाही ठाऊक असते.